दारू नाही, तरी लिव्हर का बिघडले?

वस्तीत कोणाचे लिव्हर बिघडल्याचे कळले की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पीत होता काय?' पुरुष असला तर ऐकणारे मान हलवून मोकळे होतात. बाई असली तर कुजबूज सुरू होते. जिने जन्मात दारूच्या बाटलीला हात लावला नाही, अशा माउलीवरही शिंतोडे उडतात. कोणी म्हणते करणी झाली, कोणी म्हणते बाहेरची बाधा. कोणी तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन जाते. या सगळ्यात सहा महिने, वर्ष निघून जाते आणि लिव्हर आतल्या आत कडक होत राहते.

दारूने लिव्हर खराब होते हे खरेच आहे, आणि दारूने आपली किती घरे धुळीला मिळाली हे वाचकांना सांगायला नको. पण लिव्हर बिघडण्याचे ते एकच कारण नव्हे. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी लिव्हर बिघडते. लठ्ठपणा आणि मधुमेहामुळे लिव्हरमध्ये चरबी साठते. काही औषधांनी बिघडते. आणि आणखी एक कारण आहे, ज्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसते. त्यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच लिव्हरवर हल्ला करते. या रोगाला ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात. 'ऑटो' म्हणजे स्वतः, 'इम्यून' म्हणजे प्रतिकारशक्तीशी संबंधित. हा रोग कोणत्याही वयात आणि पुरुषांनाही होतो. पण एका पुरुषामागे तीन ते चार बायका असे त्याचे प्रमाण आहे.

हा लेख लिहिण्याचे कारण असे की हा रोग वेळेवर ओळखला तर गोळ्यांनी आटोक्यात येतो. तो ओळखण्यासाठी रक्ताच्या तपासण्या आहेत. मात्र त्या तपासणीचा कागद नीट वाचावा लागतो, नाहीतर नसलेला रोग चिकटवला जातो आणि असलेला सुटून जातो.

राखणदार घरावर उलटतो

लिव्हर, म्हणजे यकृत, हे उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलोच्या आसपास भरते. अन्न पचवायला लागणारे पित्त तेच तयार करते. जखम झाली की रक्त गोठवणारी द्रव्ये तिथेच बनतात. साखर साठवणे, औषधांचा आणि विषारी पदार्थांचा निचरा करणे, रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन बनवणे ही कामेही त्याचीच. एवढे काम करूनही ते दुखत नाही, तक्रार करीत नाही. बराच भाग निकामी होईपर्यंत माणसाला काही कळत नाही. म्हणूनच लिव्हरचे आजार उशिरा सापडतात.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. बाहेरून जंतू आला की त्या त्याला ओळखतात, काही पेशी त्याच्यावर तुटून पडतात, तर काही पेशी त्या जंतूला चिकटणारी द्रव्ये तयार करतात. या द्रव्यांना प्रतिपिंडे, इंग्रजीत अँटिबॉडी, म्हणतात. गोवराची लस टोचल्यावर मुलाच्या अंगात जी ताकद येते ती याच मार्गाने.

राखणदाराला आपले आणि परके यांतला फरक कळला पाहिजे. कधीकधी तो कळेनासा होतो आणि स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. यांना स्वप्रतिपिंडे किंवा ऑटोअँटिबॉडी म्हणतात. असे का होते? काही जणांत जन्मतःच तशी प्रवृत्ती असते आणि मग एखादा संसर्ग, एखादे औषध असे काहीतरी निमित्त घडते. बऱ्याच रुग्णांत निमित्त सापडतही नाही. मागच्या जन्मीचे पाप, कोणाची नजर, कोणाची करणी यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हा रोग संसर्गजन्यही नाही. आजारी बाईचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करण्याची गरज नाही.

एक गोष्ट इथेच समजून घेतली पाहिजे. या रोगात लिव्हरची मुख्य नासधूस पांढऱ्या पेशी करतात. रक्तात सापडणारी स्वप्रतिपिंडे ही बहुतेक वेळा त्या बिघाडाची खूण असतात. लांबून धूर दिसला की कुठेतरी पेटले आहे एवढे कळते. पण शेकोटी पेटली की घर पेटले हे जवळ जाऊनच पाहावे लागते. तसेच या तपासणीचे आहे.

हा रोग ओळखू कसा आला?

1950 साली स्वीडनचे डॉक्टर यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी काही तरुण स्त्रियांची हकिगत मांडली. या स्त्रियांना चिवट कावीळ होती, कित्येकींची मासिक पाळी थांबली होती आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्या प्रकारच्या प्रथिनांत प्रतिपिंडे येतात ती प्रथिने, भरमसाट वाढली होती. 1956 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या इयान मकाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात ल्युपस या दुसऱ्या रोगात दिसणाऱ्या खुणा आढळल्याचे सांगितले आणि या रोगाला 'ल्युपॉइड हिपॅटायटिस' असे नाव दिले. पुढे कळले की ल्युपस वेगळा आणि हा रोग वेगळा. दोन्हींत राखणदारच उलटलेला असतो, एवढे साम्य.

1965 साल या बाबतीत मोठे महत्त्वाचे. त्या वर्षी इंग्लंडमधून दोन शोध प्रसिद्ध झाले. एका गटाला लिव्हरच्या रुग्णांच्या रक्तात स्नायूंच्या पेशींविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. दुसऱ्या गटात डेबोरा डोनिआक आणि शीला शेरलॉक या दोन स्त्री डॉक्टर होत्या. पित्तनलिकांच्या एका रोगात पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांविरुद्धचे प्रतिपिंड असते, हे त्यांच्या गटाने दाखवले. याच डोनिआक बाईंनी 1956 साली सहकाऱ्यांसह थायरॉइडच्या रोगातील स्वप्रतिपिंडे शोधली होती. थायरॉइड आणि लिव्हर हे वरवर दूरचे दिसणारे दोन अवयव एकाच संशोधिकेच्या कामात भेटले, यात नवल नाही. दोन्ही रोगांचे मूळ एकच आहे, हे पुढे येईलच.

शीला शेरलॉक या 1959 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात मेडिसिनच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. 1971 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रोगाच्या 49 रुग्णांपैकी 22 जणांना प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, 27 जणांना दिल्या नाहीत. गोळ्या घेतलेल्यांपैकी 3 दगावले. न घेतलेल्यांपैकी 15 दगावले. या एका हिशोबाने हजारो रुग्णांचे नशीब पालटले. जो रोग असाध्य समजला जात होता, तो गोळ्यांना दाद देतो हे सिद्ध झाले.

एका कुळातले तीन रोग

लिव्हरचे असे मुख्य तीन रोग आहेत.

पहिला, ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यात लिव्हरच्या पेशींवरच हल्ला होतो. एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. हे आकडे वाढतात. रक्तात ए.एन.ए. आणि स्नायूविरोधी एस.एम.ए. ही प्रतिपिंडे सापडतात. लहान मुलांत एल.के.एम. नावाचे वेगळे प्रतिपिंड असलेला प्रकारही दिसतो. थकवा, भूक न लागणे, सांधे दुखणे, कावीळ, पाळी चुकणे अशी लक्षणे असतात. काहींना काहीच लक्षण नसते. रोग सापडतो तेव्हा सुमारे एकतृतीयांश रुग्णांत लिव्हर आधीच कडक झालेले, म्हणजे सिऱ्हॉसिस झालेले असते.

दुसरा, लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांचा रोग. त्याला पी.बी.सी. म्हणतात. चाळिशी ओलांडलेल्या बायकांत तो विशेष आढळतो. याचे ठळक लक्षण म्हणजे अंगाला सुटणारी खाज. अंगावर पुरळ नाही, काही नाही, आणि रात्री खाजवून खाजवून झोप येत नाही. बाई वर्षभर खरजेची मलमे लावत बसते. याच्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांत मायटोकॉन्ड्रियाविरोधी ए.एम.ए. हे प्रतिपिंड सापडते. पूर्वी या रोगाच्या नावातच 'सिऱ्हॉसिस' शब्द होता. पण लवकर सापडलेल्या अनेकांना सिऱ्हॉसिस नसतोच आणि नाव ऐकून माणूस खचतो, लोकांना दारूचा संशय येतो, म्हणून 2015 च्या सुमारास जगभरच्या तज्ज्ञांनी रुग्णांच्या मागणीवरून ते नाव बदलले. म्हणजे ही बदनामी फक्त आपल्याच वस्तीतली नाही.

तिसरा, मोठ्या पित्तनलिकांना आवळणारा पी.एस.सी. हा पुरुषांत अधिक दिसतो आणि त्याच्या बऱ्याच रुग्णांना मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा रोगही असतो. शौचावाटे रक्त, आव पडणे असा त्रास आणि सोबत लिव्हरचे आकडे बिघडलेले असले तर डॉक्टर या दिशेने तपास करतात. त्यात रक्तापेक्षा पित्तनलिकांचे एम.आर.आय. चित्र जास्त उपयोगी पडते.

काही रुग्णांत पहिल्या आणि दुसऱ्या, किंवा पहिल्या आणि तिसऱ्या रोगाच्या खुणा एकत्र दिसतात. डॉक्टर याला 'ओव्हरलॅप' म्हणतात. अशा रुग्णाला एकाच रोगाचे औषध देऊन भागत नाही. आकडे सुधारता सुधारत नसतील तर तज्ज्ञ डॉक्टर मुद्दाम दुसऱ्या रोगाचा शोध घेतात.

एक बाई, चार केसपेपर

ज्याचा राखणदार एका ठिकाणी चुकतो, त्याचा दुसऱ्या ठिकाणीही चुकू शकतो. ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या ढोबळमानाने तीनपैकी एका रुग्णाला अशा प्रकारचा आणखी एखादा रोग असतो. सर्वांत अधिक आढळतो तो थायरॉइडचा. त्याशिवाय सांध्यांचा आमवात, डोळे आणि तोंड कोरडे पडणारा शोग्रेन नावाचा रोग, कोड, लहानपणापासून इन्सुलिन लागणारा मधुमेह आणि गव्हातल्या ग्लूटेनने आतडे बिघडणारा सिलिअ‍ॅक रोग. कोड हा शब्द आला म्हणून सांगतो, कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. तोही असाच आपल्याच प्रतिकारशक्तीने त्वचेतले रंग देणारे घटक नष्ट केल्यामुळे होतो.

आता आपल्याकडे काय घडते ते पाहा. घरातल्या बाईची थायरॉइडची गोळी एका दवाखान्यातून चालू असते. गुडघे-मनगटे दुखतात म्हणून ती दुसरीकडे दाखवते. अंगाला खाज येते म्हणून कातडीच्या डॉक्टरकडे तिसरा केसपेपर निघतो. थकवा येतो म्हणून कोपऱ्यावरचा डॉक्टर सलाईन लावतो. प्रत्येक डॉक्टर आपापल्या कागदापुरते पाहतो. चारही कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत. कागद एका टेबलावर आले असते तर एखाद्या जाणत्या डॉक्टरने लगेच विचारले असते, 'बाई, तुमचे लिव्हर कधी तपासले होते?'

म्हणून सगळे रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटे, जडीबुटी घेत असाल तर तीसुद्धा, एका पिशवीत ठेवावीत आणि जिथे जाल तिथे ती पिशवी घेऊन जावी. तारखेप्रमाणे कागद लावायचे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला द्यावे. त्याला एक पैसा लागत नाही.

'पॉझिटिव्ह' आले म्हणजे रोग झाला काय?

ए.एन.ए.ची तपासणी जुन्या पद्धतीने होते तेव्हा रुग्णाच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, काचपट्टीवरच्या पेशींवर टाकतात. मग चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रतिपिंड असेल तर हिरवी चमक दिसते. सीरम किती पातळ केल्यावरही चमक टिकली, ते रिपोर्टात आकड्याने लिहितात. 1:40 म्हणजे चाळीसपट पातळ, 1:80 म्हणजे ऐंशीपट पातळ. दुसरा आकडा जितका मोठा, तितके प्रतिपिंड जास्त.

पण वाचकहो, धडधाकट माणसांतही काही जणांत ए.एन.ए. थोड्या प्रमाणात सापडते. वय वाढते तसे ते अधिक जणांत सापडते. हिपॅटायटिस सी असलेल्यांत सापडते. लिव्हरमध्ये चरबी असलेल्यांत सापडते. दारूने लिव्हर खराब झालेल्यांतही सापडते. लिव्हरचा कोणताही जुना आजार असला की राखणदार थोडाफार गोंधळतोच. म्हणून ए.एन.ए. पॉझिटिव्ह एवढ्यावरून ऑटोइम्यून रोग ठरत नाही. उलट, प्रतिपिंडे निगेटिव्ह आली तरी काही रुग्णांत हा रोग असू शकतो.

मग ठरवायचे कसे? 2008 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सोपी पद्धत मांडली. तिच्यात चार गोष्टी पाहतात. स्वप्रतिपिंडे आहेत का व किती, रक्तातले आय.जी.जी. हे प्रथिन वाढले आहे का, हिपॅटायटिसच्या विषाणूंची तपासणी निगेटिव्ह आहे का, आणि सुईने काढलेल्या लिव्हरच्या बारीक तुकड्यात काय दिसते. या शेवटच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. बायोप्सीचे नाव काढले की आपल्याकडे कॅन्सरच असणार असे समजून रडारड सुरू होते. इथे ती कॅन्सरसाठी करीत नाहीत. रोग नक्की करण्यासाठी आणि लिव्हर किती कडक झाले हे पाहण्यासाठी करतात. आधी रक्त गोठते की नाही हे तपासतात आणि नंतर काही तास झोपवून ठेवतात.

एवढी काळजी का घ्यायची? कारण चुकीच्या रोगाला योग्य औषधही घातक ठरते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला न तपासता स्टिरॉइड दिले तर तो विषाणू उसळी मारू शकतो. यासंबंधी इतिहासातही एक धडा आहे. हिपॅटायटिस सीचा विषाणू 1989 साली सापडला. त्यानंतर त्याच्यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत. ज्यांना मुळात ऑटोइम्यून रोग होता त्यांचा रोग अशा इंजेक्शनाने भडकू शकत असे. आज हिपॅटायटिस सी बहुतेक रुग्णांत 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून हे औषध मोफत दिले जाते. म्हणून बी आणि सी या दोन्ही तपासण्या अगोदर करून घ्या, मग पुढचे बोला.

माळ, चुन्याचे पाणी आणि गुळवेल

कावीळ उतरवणारा चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे होते. लोकांना वाटते, कावीळ उतरली. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावला असेल तर निरोगी माणसाच्या हातानेही ते पाणी पिवळे होते. घरी करून पाहा. गळ्यातली माळ वाढत जाते ती कावीळ उतरते म्हणून नव्हे. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो.

तरीही लोकांना गुण आल्यासारखे वाटते, त्यालाही कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप जाते. तिचे श्रेय माळेला मिळते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसची कावीळसुद्धा कधी चढते, कधी उतरते. ती उतरली की लोक निर्धास्त होतात. आत रोग चालूच असतो. परत चढते तेव्हा हाताशी वेळ उरलेला नसतो.

आता गुळवेलीविषयी. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांचा आजार ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा दिसत होता. 2021 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर 2022 साली देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. गुळवेलीने झोपलेला ऑटोइम्यून रोग जागा होत असावा, असे या डॉक्टरांचे मत आहे. ज्यांना थायरॉइड, आमवात, कोड असे ऑटोइम्यून आजार आहेत किंवा ज्यांचे लिव्हर आधीच नाजूक आहे, त्यांनी 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्याचा राखणदारच चवताळला आहे, त्याच्या हातात आणखी काठी कशाला द्यायची?

औषधे कोणती आणि किती दिवस?

मुख्य औषध प्रेडनिसोलोन. ते जुने आहे आणि इतर अनेक औषधांच्या मानाने स्वस्त आहे. त्याच्या जोडीला बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन देतात, म्हणजे स्टिरॉइड कमी करता येते. अ‍ॅझाथायोप्रिनच्या मागे एक ध्यानात ठेवण्यासारखी कथा आहे. हे औषध तयार करणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन या अमेरिकन संशोधिका होत्या. स्थलांतरित आईबापांची ही मुलगी न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात शिकली, कारण तिथे मुलींना फी नव्हती. 1937 साली रसायनशास्त्राची पदवी मिळाल्यावर प्रयोगशाळेत बाई नको म्हणून तिला नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिने शाळेत शिकवले, मिळेल ते काम केले आणि अखेर प्रयोगशाळा गाठली. पीएच.डी. न करताही 1988 साली तिला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज जगात जिथे जिथे ही गोळी दिली जाते, तिथे तिथे त्या बिनफीच्या कॉलेजचे ऋण आहे.

पी.बी.सी.साठी अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात. त्या लवकर सुरू केल्या तर बऱ्याच जणांत रोगाची चाल मंदावते. पी.एस.सी.वर मात्र अजून रोग थांबवणारे खात्रीचे औषध नाही. अरुंद झालेली नलिका दुर्बिणीने रुंद करतात, आणि शेवटी लिव्हर बदलण्याचा मार्ग उरतो.

ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे औषध महिना-दोन महिन्यांचे नसते. रक्ताचे आकडे सुधारल्यावरही दोन-तीन वर्षे ते चालू ठेवावे लागते, कित्येकांना जन्मभर. मध्येच सोडले तर बहुतेकांत रोग परत येतो. इथेच आपल्याकडे घोटाळा होतो. आकडे सुधारले, भूक लागली, बाई कामावर जाऊ लागली की घरात कोणीतरी म्हणते, 'स्टिरॉइड वाईट, बंद कर.' स्टिरॉइडचे दुष्परिणाम आहेत, ते लपवू नयेत. चेहरा सुजल्यासारखा होतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. अ‍ॅझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. सुरुवातीला वरचेवर रक्त तपासावे लागते. ताप आला किंवा केस झपाट्याने गळू लागले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. यावर उपाय म्हणजे डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरी-पायरीने कमी करणे. स्टिरॉइड एकदम सोडणे जिवावर बेतू शकते.

तरुण मुलींच्या आईवडिलांना लग्नाची आणि मुलाबाळांची काळजी वाटते. रोग आटोक्यात असेल तर अनेक स्त्रियांना सुखरूप मुले झाली आहेत. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत आणि काही चालू ठेवावीच लागतात. आजार लपवून लग्न करणे आणि सासरी लपून गोळ्या खाणे, यात गोळ्या चुकतात आणि मुलीचा जीव धोक्यात येतो. सांगून केलेले लग्नच टिकते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

• कावीळ तीन-चार आठवड्यांत गेली नाही, किंवा जाऊन परत आली, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पुढच्या तपासण्या होतात. ई.एस.आय. कार्ड असेल तर ते वापरावे.

• महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे त्या योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकही असतात. विचारायला लाजू नये.

• पुरळ नसताना अंगभर खाज, कारण न कळणारा थकवा, आणि थायरॉइड किंवा सांध्यांचा आजार ही लक्षणे एकत्र दिसली तर लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यावी.

• हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. दारू पूर्ण बंद ठेवावी.

• रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी भरणे, बोलण्यात भ्रम होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

माता-भगिनींनो, घरातल्या सगळ्यांचे दुखणे काढून झाल्यावर उरलेल्या वेळात आपले दुखणे पाहायचे, ही सवय आता सोडा. आणि बंधूंनो, घरातल्या बाईचे डोळे पिवळे दिसले तर 'काय खाल्ले, काय प्याली' असे विचारत बसू नका. तिची कागदांची पिशवी उचला, एक दिवसाचा खाडा झाला तरी चालेल, आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहा.